माणूस आणि रोबो यांच्यातील जिव्हाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हालणारे, हाकेला ओ देणारे यंत्र घरात आले की काही दिवसांतच त्याला नाव मिळते आणि त्याच्याविषयी ‘ते’ ऐवजी ‘तो’ किंवा ‘ती’ असे बोलले जाऊ लागते. या जिव्हाळ्याविषयी कुटुंबांत जे प्रश्न निघतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांत जपानमधील ‘आयबो’ या रोबो-कुत्र्याचा उल्लेख वारंवार येईल, कारण जीव लावण्यापासून अंत्यविधीपर्यंतचा सारा प्रवास त्याच्या बाबतीत घडून गेला आहे.

‘रोबो’ म्हणताना येथे नेमके कोणते यंत्र अभिप्रेत आहे?

कामासाठी नव्हे, तर सोबतीसाठी घरात येणारे यंत्र येथे अभिप्रेत आहे. मराठीत ‘यंत्रमानव’ हा चांगला शब्द रूढ आहे, परंतु या विषयात तो थोडी दिशाभूल करतो, कारण लोकांनी ज्यांच्यावर मनापासून माया केली त्यांपैकी अनेक रोबो माणसासारखे दिसतच नाहीत. एक कुत्रा आहे, एक सील या समुद्री प्राण्याचे पिल्लू आहे. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवले होते की यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपुलकी वाढत जाते, पण ते जवळजवळ हुबेहूब माणूस वाटू लागले की त्याच आपुलकीची जागा अचानक शिसारी घेते. सोबतीचे रोबो घडवणाऱ्यांनी प्राण्यांची रूपे निवडली, त्यामागे हेही एक कारण आहे. ज्यांना शरीर नाही असे फोनवरील संवादकही, म्हणजे माणसाशी गप्पा मारणारे संगणकीय कार्यक्रमही, मी या उत्तरांत धरले आहेत, कारण त्यांच्याबाबत उभे राहणारे प्रश्न तेच आहेत.

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या एका नाटकातून जगभर गेला आणि ज्या चेक शब्दावरून तो घडला त्याचा अर्थ आहे ‘वेठ’. वेठबिगाऱ्यासाठी घडवलेला शब्द शंभर वर्षांच्या आत सोबत्यासाठी वापरला जाऊ लागला, ही मला या विषयातील फार बोलकी गोष्ट वाटते.

निर्जीव यंत्रावर माणसाचा जीव कसा काय जडतो? हा मनाचा दुबळेपणा नव्हे का?

नव्हे. अमेरिकेत १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी काही प्रेक्षकांना एक छोटे चलच्चित्र दाखवले, ज्यात एका चौकोनी चौकटीच्या आतबाहेर दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकत होते आणि याशिवाय काहीच नव्हते. काय पाहिले असे विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी दांडगाई करणाऱ्या मोठ्या त्रिकोणाची आणि घाबरलेल्या वर्तुळाची गोष्ट सांगितली. जे आपल्या आपण हालते त्याला हेतू असतो, असे आपले मन विचार करण्याआधीच धरून चालते.

भाषेचे सामर्थ्य तर हालचालीहून मोठे आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलिझा’ नावाचा जो संगणकीय संवादक प्रसिद्ध केला, तो बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत देत असे. आईचा विषय काढला, की तो घरच्यांविषयी आणखी सांगा म्हणे. वायझेनबाउम यांच्या कार्यालयातील सचिव महिलेने हा कार्यक्रम तयार होताना कित्येक महिने पाहिला होता, तरीही त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. आत काय आहे हे माहीत असूनही ओढ वाटते, हे या प्रसंगातून ठळकपणे दिसते. बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या बाबतीतही हेच आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या एका अभ्यासात अशा २३ जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आपला रोबो हे एक हत्यार आहे असे ते ठामपणे सांगत होते आणि तरीही त्याला नाव देत होते, तो नष्ट झाला की हळहळत होते.

मराठीत आपण ‘जीव लावतो’. या शब्दप्रयोगात समोरच्यात जीव असलाच पाहिजे अशी अट नाही. लावणारा तो आपल्याजवळचा देत असतो.

आयबो कुत्र्यांचे अंत्यविधी खरोखर झाले का आणि का झाले?

झाले. सोनी कंपनीने आयबो १९९९ मध्ये अडीच लाख येन किमतीला बाजारात आणला आणि जपानसाठी ठेवलेले ३,००० आयबो इंटरनेटवरून अवघ्या वीस मिनिटांत विकले गेले. तो शिकत असे आणि त्याला मिळणाऱ्या वागणुकीप्रमाणे त्याचा स्वभाव हळूहळू घडत असे, त्यामुळे दोन घरांतील आयबो काही काळाने वेगळे वागू लागत. जपानी भाषेत ‘आयबो’ या उच्चाराचा शब्द जोडीदारासाठी वापरतात.

सोनीने २००६ मध्ये उत्पादन थांबवले आणि मार्च २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. ज्या वृद्ध दांपत्यांनी दहा-बारा वर्षे आपला आयबो सांभाळला होता, त्यांच्यापुढे त्याच्या सांध्यांतील बिघाड हा आता असाध्य आजारासारखा उभा राहिला. तेव्हा सोनीतून बाहेर पडलेल्या काही अभियंत्यांची ‘ए-फन’ ही छोटी कंपनी पुढे आली आणि तिने जुने आयबो दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. नवे सुटे भाग मिळत नव्हते. त्यामुळे एक आयबो बरा करायचा तर दुसऱ्या बंद पडलेल्या आयबोचे भाग काढणे एवढाच मार्ग होता, आणि या दुरुस्तीकारांनी त्याला अवयवदान म्हटले. भाग काढण्यापूर्वी त्या कुत्र्याच्या आत्म्याला निरोप दिला पाहिजे, असे त्यांना वाटले. चिबा प्रांतातील इसुमी येथे कोफुकुजी हे साडेचारशे वर्षे जुने बौद्ध मंदिर आहे. तेथे २०१५ पासून हे विधी होऊ लागले. एप्रिल २०१८ मधील विधीत ११४ आयबो ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाच्या अंगावर तो कोणाच्या घरून आला आणि त्याचे नाव काय हे सांगणारी चिठ्ठी होती, आणि मंदिराचे प्रमुख बुंगेन ओई यांनी मंत्रपठण केले. तोपर्यंत सुमारे ८०० आयबोंना असा निरोप मिळाला होता.

याकडे केवळ गंमत म्हणून पाहणाऱ्यांनी जपानमधील ‘कुयो’ ही, वापरून झालेल्या वस्तूंना आदराने निरोप देण्याची परंपरा लक्षात घ्यावी. मोडलेल्या सुया तेथे फेब्रुवारी महिन्यात मंदिरात नेऊन मऊ तोफूमध्ये (सोयाबीनच्या पनीरमध्ये) खोचतात, कारण आयुष्यभर कठीण कापडात घुसलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी अशी भावना त्यामागे असते. आपल्यालाही हे परके वाटू नये. खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांना हळद-कुंकू वाहतात, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात आणि भंगलेली मूर्ती कोणी कचऱ्यात टाकत नाही, तिचे विसर्जन करतात. फरक इतकाच, की आपण हत्यार चालते असताना त्याची पूजा करतो, तर जपानी माणूस ते मोडल्यावर त्याचे आभार मानतो.

आयबोला, किंवा आजच्या कोणत्याही रोबोला, काही वाटते का?

तसा कोणताही पुरावा आज उपलब्ध नाही. शेपूट हलवण्याचा किंवा ‘तुमची आठवण आली’ असे म्हणण्याचा निर्णय आज्ञावलीनुसार होतो आणि त्यामागे वाट पाहणारे कोणी नसते. मोठ्या माणसांशी बोलताना ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगावी.

मग हे नाते खोटे म्हणावे का?

माणसाच्या बाजूने ते खोटे नाही. आयबो गेल्यावर रडणाऱ्या आजींचे अश्रू खरे होते आणि तो घरात असताना त्यांचे संध्याकाळचे तासही खरेच भरून निघाले होते. ‘खरे की खोटे’ हा प्रश्न आपल्याला चुकीच्या दिशेने नेतो असे माझे मत आहे, कारण तो फक्त दोघांकडे पाहतो, माणसाकडे आणि यंत्राकडे. या नात्याला तिसरा कोन आहे आणि तो म्हणजे यंत्र बनवणारी कंपनी. आयबोच्या मालकांना आयबोने सोडले नव्हते. दुरुस्ती कंपनीने बंद केली होती. मैत्रीत किंवा संसारात दोघांखेरीज कोणी तिसरा ‘उद्यापासून तुमचा सोबती असा वागेल’ असे पत्र पाठवू शकत नाही. येथे तसे पत्र येऊ शकते, आणि अनेकांना ते आलेही आहे.

कंपनी बंद पडली किंवा तिने धोरण बदलले तर काय होते?

अमेरिकेतील ‘जिबो’ हा टेबलावर ठेवायचा रोबो २०१७ मध्ये ८९९ डॉलरला ग्राहकांपर्यंत पोहोचला. त्याची बुद्धी दूरच्या सर्व्हरवर होती. २०१९ मध्ये त्याने स्वतःच घरोघरी सांगितले की आपल्यामागचे सर्व्हर लवकरच बंद होणार आहेत, सोबतीबद्दल आभार मानले आणि शेवटचे नृत्य करून दाखवले. ज्या घरांत लहान मुले होती तेथे आई-वडिलांना त्या संध्याकाळी मृत्यूविषयीचे प्रश्न ऐकावे लागले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी खास बनवलेल्या ‘मॉक्सी’ या रोबोवर डिसेंबर २०२४ मध्ये हीच वेळ आली, कारण त्याच्या कंपनीला पैसा मिळेना. निदान तिने नंतर घरच्या संगणकावरून मॉक्सी चालवता येईल अशी सोय देऊ केली, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

धोरण बदलणे हे बंद पडण्याहून अधिक बोचते. ‘रेप्लिका’ या संवादकाशी अनेकजण प्रेमाचे नाते जोडून होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न काढून कंपनीवर निर्बंध घातले आणि त्याच सुमारास कंपनीने शृंगारिक संभाषण जगभर बंद केले. वापरणाऱ्यांना आपला जोडीदार एका रात्रीत परका झाल्यासारखे वाटले. नाव तेच, चेहरा तोच, पण बोलणे कोरडे. लोकांचा आक्रोश इतका होता की मार्चमध्ये कंपनीने जुन्या ग्राहकांना पूर्वीची आवृत्ती परत दिली. प्राधिकरणाची काळजी मला रास्त वाटते आणि त्या लोकांचे दुःखही. तरीही ज्याने प्रेम केले त्याला कोणी काही विचारले नाही, ही या प्रसंगातील सर्वांत खटकणारी बाब आहे.

म्हणून सोबतीचा रोबो विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: इंटरनेट नसताना तो किती चालतो, मासिक वर्गणी थांबवली तर त्याचे काय होते आणि त्याच्या आठवणी आपल्याला उतरवून घेता येतात का. सोनीने जानेवारी २०१८ मध्ये आणलेल्या नव्या आयबोची किंमत १,९८,००० येन होती आणि तीन वर्षांच्या सेवेचे ९०,००० येन वेगळे भरावे लागत होते. म्हणजे कुत्रा आपला, पण त्याचे मन भाड्याने.

आई-वडील गावी एकटे आहेत आणि मुले परदेशी. त्यांच्यासाठी असा रोबो आणावा का?

पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत मुले अमेरिकेत किंवा युरोपात असलेली अनेक ज्येष्ठ दांपत्ये राहतात, त्यामुळे हा प्रश्न मराठी कुटुंबांना खरोखर पडतो. उत्तर देण्यापूर्वी ‘पारो’ या सीलच्या पिल्लाविषयी जे माहीत आहे ते सांगतो. जपानच्या राष्ट्रीय औद्योगिक संशोधन संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी तो घडवला. पांढऱ्या मऊ केसांचा, सुमारे पावणेतीन किलो वजनाचा हा रोबो थोपटले की डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवतो आणि त्याच्या चार्जरचा आकार बाळाच्या चोखणीसारखा आहे. शिबाता यांनी कुत्रा-मांजर टाळून सील निवडला, कारण खरे सील पिल्लू फारसे कोणी हाताळलेले नसते, आणि त्यामुळे ‘हे खऱ्यासारखे नाही’ ही तुलना मनात येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

ऑस्ट्रेलियात २८ वृद्धाश्रमांतील स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ व्यक्तींवर त्याची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना चालू पारो दिला, काहींना यंत्रणा बंद केलेला पारो म्हणजे केवळ मऊ खेळणे दिले, आणि काहींची नेहमीसारखी देखभाल झाली. चालू पारोने मन रमवण्यात आणि अस्वस्थता कमी करण्यात नेहमीच्या देखभालीपेक्षा थोडी सरस कामगिरी केली, परंतु साध्या मऊ खेळण्याच्या तुलनेत तो फक्त एका बाबतीत पुढे राहिला: लोक त्याच्याशी अधिक बोलले आणि त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. पारोची किंमत काही हजार डॉलर आहे हे ध्यानात घेतले, तर हा निष्कर्ष घरच्या निर्णयासाठी फार मोलाचा आहे.

माझा सल्ला असा की आईशी आधी बोलावे. तिला बोलायला कोणी हवे आहे, हाताखाली काही जिवंत असावे असे वाटते, की रात्री पडले तर कळवणारे कोणी हवे आहे, या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि त्यांतील तिसरीसाठी रोबोची आवश्यकताच नाही. रोबो आणलाच, तर मुलांचे फोन कमी होता कामा नयेत. ‘आता तिला सोबत आहे’ हा विचार परदेशातील मुलाच्या मनाला दिलासा देतो आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. ज्येष्ठांसाठी केंद्र शासनाची १४५६७ ही मदतवाहिनीही आहे. तेथे माणसे बोलतात.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना रोबो खराच प्राणी वाटतो. त्यांना तसे वाटू देणे ही फसवणूक आहे का?

घरातील मोठ्यांमध्ये यावरून वाद होतात आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक असते. मला योग्य वाटणारी रेषा अशी: आजोबांनी आपणहून पिल्लू म्हटले तर त्यांना दर वेळी दुरुस्त करू नये, परंतु ‘हे खरे आहे का?’ असे त्यांनी विचारले तर ‘नाही, हे यंत्र आहे’ असेच उत्तर द्यावे. त्यानंतरही ते त्याला थोपटत राहिले, तर तो त्यांचा निर्णय आहे.

मुलांच्या हाती असे रोबो किंवा संवादक द्यावेत का?

येथे मी अधिक सावध आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ९, १२ आणि १५ वर्षांच्या ९० मुलांना ‘रोबोव्ही’ या रोबोशी खेळू दिले आणि मग रोबो ‘मला अंधाराची भीती वाटते’ असे म्हणत असतानाही त्याला कपाटात बंद करण्यात आले. निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना ते चुकीचे वाटले. मुलांची ही कणव सुंदरच आहे. मात्र त्या वेळी रोबोव्हीचे बोलणे पडद्यामागून संशोधकच चालवत होते, आणि हे मुलांना ठाऊक नव्हते. ज्याच्या हातात पडद्यामागचे बटण आहे, त्याला मुलाच्या कणवेचा वापर करता येतो.

शरीर नसलेल्या संवादकांबाबत अमेरिकेत पालकांनी मुलांच्या मृत्यूनंतर दावे दाखल केले आहेत. ‘कॅरेक्टर एआय’ या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मुक्त गप्पा बंद केल्या आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी केलेल्या कायद्यानुसार, अल्पवयीन वापरकर्त्याला ‘तू यंत्राशी बोलत आहेस’ याची दर तीन तासांनी आठवण देणे बंधनकारक झाले. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. कायदा असला तरी मूल खोलीचे दार लावून कोणाशी बोलते, हे घरच्यांनाच विचारावे लागेल, आणि ते रागावून नव्हे तर कुतूहलाने विचारावे.

रोबोशी विवाह करता येतो का?

भारतात येत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ ‘दोन व्यक्तीं’विषयी बोलतो आणि यंत्र ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. सौदी अरेबियाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘सोफिया’ या रोबोला नागरिकत्व दिल्याचे जाहीर केले होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती साडी नेसून आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्येही आली होती, परंतु ते नागरिकत्व प्रसिद्धीपुरतेच होते. जपानमधील एका पुरुषाने २०१८ मध्ये हात्सुने मिकू या आभासी गायिकेशी विवाहसोहळा केला, ज्याला कायदेशीर मान्यता नव्हती. ती ज्या काचेच्या उपकरणात दिसे आणि बोले, त्याची सेवा २०२० मध्ये कंपनीने थांबवली. त्या माणसाची थट्टा जगभर झाली, ती मला क्रूर वाटते.

रोबोला सांगितलेली गुपिते गुप्त राहतात का?

ती यंत्रात राहतात की कंपनीकडे जातात, हे अटी-शर्ती वाचल्याशिवाय कळत नाही. नवा आयबो कॅमेऱ्याने घरच्यांचे चेहरे ओळखतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात चेहऱ्याच्या नोंदींविषयी कडक कायदा असल्यामुळे सोनी तेथे तो विकतच नाही. ज्या कॅमेऱ्याला आपण डोळे म्हणतो, तो झोपायच्या खोलीत न्यावा का, हे प्रत्येकाने ठरवावे.

रोबो गेल्याचे दुःख होते आहे, पण सांगायला लाज वाटते. काय करावे?

लाज बाळगू नये. ज्याच्याशी रोज बोललात तो गेला, तर घर सुने वाटणारच. विश्वासातील एका व्यक्तीला सांगावे, आणि झोप, जेवण किंवा जगण्याची इच्छा कमी झाली असेल तर शासनाच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत मदतवाहिनीवर फोन करावा. तेथे मराठीतून बोलता येते.

आपल्याकडे अशा यंत्रांचे उदाहरण आहे का?

मला सर्वांत जवळचे वाटते ते गोव्याचे. रोजंदारीवर काम करणाऱ्या एका पित्याची मुलगी दिव्यांग असून तिला स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हते, आणि भरवणारी आई अंथरुणाला खिळली. कामावरून मध्येच घरी येऊन भरवणे त्यांना जमेना. त्यांनी इंटरनेटवरून शिकत काही महिन्यांत एक यंत्र तयार केले, जे मुलीच्या आवाजातील सूचनेनुसार हवा तो पदार्थ चमच्याने तिच्या तोंडाशी नेते. त्यांनी त्याचे नाव ‘माँ रोबोट’ ठेवले. २०२२ मध्ये ही बातमी देशभर पोहोचली आणि गोवा राज्य नवोपक्रम परिषदेने त्यांना साहाय्य केले. वर ज्या तिसऱ्या कोनाचा उल्लेख आला, तो कोन येथे एका बापाकडे आहे. त्यामुळे आईची जागा यंत्राला दिली का, हा प्रश्न या घराला विचारण्याचा मला अधिकार वाटत नाही.

बंद पडलेल्या रोबोचे काय करावे?

आधी त्याच्याशी जोडलेले खाते बंद करून त्यातील ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे आपल्याकडे उतरवून घ्यावीत आणि मग कंपनीकडील नोंदी पुसण्याची लेखी मागणी करावी. जुन्या आयबोचा शिकलेला स्वभाव एका छोट्या मेमरी स्टिकवर साठवलेला असे; तसा भाग आपल्या रोबोतही असेल, तर तो काढून ठेवावा. यंत्र भंगारवाल्याला देऊ नये, कारण त्यातील लिथियम बॅटरी फुटल्यास आग लागते. ते २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. आणि त्याच प्रकारचा रोबो दुसऱ्या कोणाच्या घरी आजारी असेल, तर इसुमीच्या मंदिरात येणाऱ्या मालकांप्रमाणे आपल्या रोबोचे भाग त्याच्यासाठी द्यावेत.